हं गिळणारा फोन

स्टोअरसाहेबांनी आयुष्यात एकच निर्णय घाईने घेतला, आणि तोही पाच आठवडे विचार करून. घरातला जुना फोन काढून टाकायचा आणि इंटरनेटवरून चालणारा फोन घ्यायचा, हा तो निर्णय. त्यातून पुढे जे काही झालं त्याला ते आजही 'किरकोळ तांत्रिक अडचण' म्हणतात. त्यांची बायको त्याला दुसरंच काहीतरी म्हणते, पण ते इथे लिहायची गरज नाही.

स्टोअरसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळल्यावर माणसाला दुसरं नाव लागत नाही. त्यांच्या कारकिर्दीत तीन सह्यांशिवाय साधा वायसरसुद्धा खिडकीबाहेर पडला नाही. एकदा खुद्द मालक घाईघाईने एक नट मागायला आले, तेव्हा साहेब अदबीने उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली आणि मागणीपत्राचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. मालक त्या दिवशी नटाशिवाय परत गेले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसत होता असं साहेब सांगतात. आदरच होता की आणखी काही, हे बघायला तिसरं कोणी तिथे हजर नव्हतं.

असा माणूस बोलतो कमी. साहेबांचं बहुतेक सगळं बोलणं एका अक्षरात मावायचं, आणि ते अक्षर म्हणजे 'हं'. पण स्टोअरमध्ये जसे नट मापाप्रमाणे वेगवेगळ्या खणांत असतात, तसे त्यांचे हं होते. होकाराचा हं आखूड, नापसंतीचा नाकातून, 'पुढे बोल'चा वर चढणारा आणि 'आता पुरे'चा हळूहळू खाली उतरणारा. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत त्यातले सात ओळखायला शिकून घेतले. बाकीचे फक्त ताईंना कळत.

ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका म्हणून. यजमान गेल्यापासून दूरच्या गावात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्यांचा फोन यायचा. चष्मा न लावता, नुसत्या बोटांच्या सवयीने त्या साहेबांच्या घरचा नंबर लावत आणि मग चाळीस मिनिटं बोलत. शेजारणीचा गुडघा, जिन्यातला बंद दिवा, वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका, असं काहीही चालायचं. साहेब बोळातल्या लाकडी खुर्चीत बसून मधूनमधून हं म्हणायचे. ताईंना वर्गाची सवय, त्यामुळे समोरून हं आला नाही तर त्यांना पुढचं वाक्य सुचत नसे. या चाळीस मिनिटांत साहेबांनी दुसरा एखादा शब्द उच्चारल्याचा पुरावा नाही. पण फोन ठेवल्यावर ते दिवसभर प्रसन्न असायचे आणि तिकडे ताई शेजारणीला सांगायच्या की आज बाळशी पोटभर गप्पा झाल्या. बाळचं वय तेव्हा सहासष्ट होतं.

झालं असं, की एका रविवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, तरी फोन वाजला नाही. साहेबांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर आत नेहमीची खरखरसुद्धा नव्हती. कोपऱ्यावर रस्ता खणणाऱ्यांनी तार तोडली होती आणि तोडल्यावर आपण काय तोडलं हे बघण्यासाठी आणखी थोडं खणलं होतं. तार जोडायला नऊ दिवस लागले. तेवढ्यात ताईंची दोन पोस्टकार्डं येऊन पडली. दोन्हींवर 'आहेस ना?' एवढाच मजकूर होता, फक्त दुसऱ्यावर प्रश्नचिन्ह मोठं होतं. ती कार्डं साहेबांना फार लागली. बायकोच्या मोबाईलचा काही उपयोग नव्हता, कारण मोबाईलवरून आपल्याला फक्त विमा विकतात असा ताईंचा अनुभव होता आणि त्या असले नंबर उचलतच नसत.

दुसरं कार्ड आलं त्या दिवशी साहेबांनी एक लांब वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'फायदे' लिहिलं आणि उजवीकडे 'तोटे'. पाच आठवड्यांत डावी बाजू भरत गेली. इंटरनेटच्या फोनला खरखर नाही. आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा येतो. फोन स्वयंपाकघरात न्या नाहीतर गच्चीवर, चालतो. आणि मुख्य म्हणजे नंबर तोच राहतो. उजवी बाजू कोरी होती. तोटे आधी लिहून ठेवले तर वस्तूला तशी सवय लागते, असं साहेबांचं मत होतं.

समोरच्या घरात राहणारे दंतवैद्य हे शंका काढण्यात हुशार होते. त्यांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता, त्यामुळे दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ते हातमोजे घातलेले हात वर धरून साहेबांच्या दारात येऊन उभे राहत. त्यांनी विचारलं, की वीज गेली की फोनही जाणार ना? साहेबांनी दुसऱ्याच दिवशी राखीव बॅटरी आणली आणि 'वीज गेल्यावरही चालतो' हे फायद्यांत लिहून टाकलं. दंतवैद्यांनी विचारलं, की इंटरनेटची तारसुद्धा त्याच रस्त्याखालून येते ना? साहेब थोडा वेळ त्यांच्या हातमोज्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ती शक्यता लक्षात घेतली आहे." लक्षात घेतली होती, लिहिली मात्र नव्हती.

नंबर तोच ठेवायचा तर जुन्या फोनच्या कचेरीतून परवानगी लागत होती. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून तिथे गेले. खिडकीमागच्या बाईंनी कागद बघितले आणि फोन ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या म्हणून सांगितलं. फोन साहेबांच्या वडिलांच्या नावावर होता. ते येऊ शकत नाहीत, असं साहेब म्हणाले. आजारी आहेत का, बाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, आजारी नाहीत, एकोणीस वर्षांपूर्वी गेले. बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग एकोणीस वर्षं हा फोन वापरतंय कोण?"

"मी."

"आणि तुम्ही कोण?"

हा प्रश्न साहेबांना इतक्या थेटपणे कुणी कधी विचारला नव्हता. मुलगा, असं ते म्हणाले खरे, पण आवाजात नेहमीचा भरदारपणा नव्हता. बाईंनी खणातून एक फॉर्म काढला. त्यावर तीन सह्या लागणार होत्या.

इथे साहेबांची जी अवस्था झाली ती कारखान्यातल्या कुठल्याही फोरमनला पाहायला आवडली असती. एकीकडे अपमान होत होता आणि दुसरीकडे फॉर्म अतिशय उत्तम होता. रकाने स्वच्छ, तारखेला जागा पुरेशी, सह्यांच्या चौकटी सारख्या मापाच्या. ते मनातल्या मनात दाद देऊन घरी आले. पहिली सही अर्जदाराची, दुसरी वारसाची, तिसरी साक्षीदाराची. अर्जदार आणि वारस एकच, म्हणून साहेबांनी दोन सह्या केल्या, आणि दंतवैद्यांनी एका दाढेच्या मध्येच येऊन तिसरी केली. दुसऱ्या दिवशी बाईंनी फॉर्म परत केला, कारण अर्जदाराची सही वारसाच्या सहीशी जुळत नव्हती. साहेबांनी समजावून सांगितलं, की पहिली सही करताना ते शांत होते आणि दुसरी करताना खिडकीवरचं संभाषण आठवलं. बाई म्हणाल्या, की शांत असताना दोन्ही करून आणा. त्यात चार दिवस गेले.

मग इंटरनेटवाल्या कंपनीचा खात्री करून घेणारा फोन आला. त्यावर माणूस नव्हता, ध्वनिमुद्रित बाई होत्या. त्यांनी मधाळ आवाजात सांगितलं, की आपण नंबर बदलीला सहमत असाल तर 'हो' म्हणा. साहेब ठामपणे हं म्हणाले. आपलं उत्तर ऐकू आलं नाही, बाई म्हणाल्या. साहेबांनी जरा मोठा हं दिला. आपलं उत्तर ऐकू आलं नाही. तिसऱ्या वेळी साहेबांनी मालकांसाठी राखून ठेवलेला हं काढला, तोसुद्धा वाया गेला. तेवढ्यात आतून बायको ओरडली, की एकदाचं हो म्हणून टाका, गॅसवर भाजी आहे. धन्यवाद, आपली संमती नोंदवली आहे, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. यंत्र बहिरं आहे, एवढाच अर्थ साहेबांनी त्यातून काढला. खरं तर सगळी पुढची हकिकत त्यांना त्याच वेळी कळायला हरकत नव्हती, पण दुखावलेल्या माणसाला अर्थ सावकाश कळतात.

फोन बसवायला आलेला कारागीर चाळिशीचा, अनुभवी आणि कमालीचा आत्मविश्वास असलेला होता. त्याने बोळातल्या भिंतीला तीन भोकं पाडली. त्यातलं पहिलं चुकून, दुसरं पहिलं कुठे चुकलं हे समजण्यासाठी आणि तिसरं तारेसाठी. मग हिरवे दिवे लागणारी पेटी त्याने साहेबांच्या वडिलांच्या फोटोशेजारी फळीवर ठेवली. फोन शेवटपर्यंत त्यांच्याजवळच राहिला, असं बायको म्हणाली. मिक्सर चालू करायला सांगून कारागिराने मोबाईलवर काहीतरी तपासलं आणि म्हणाला, "काका, तुमच्यासाठी खास सोय चालू करून दिलीय. मिक्सर, पंखा, रस्त्यावरचा गोंगाट, काही म्हणता काही पलीकडे जाणार नाही. माणसाचं बोलणं तेवढं जाईल."

साहेबांनी तिथेच वही उघडली आणि फायद्यांत नवव्या क्रमांकावर लिहिलं, 'फक्त बोलणं जातं.' खाली रेघही मारली.

पहिला रविवार उजाडला. साहेब साडेनऊपासून खुर्चीत होते. दहा वाजता फोन वाजला, तोसुद्धा सुरात, आणि ताईंचा आवाज इतका जवळून आला की साहेब दचकून किंचित सरकून बसले. ताईंनी शेजारणीच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. साहेब हं म्हणाले. ताई थांबल्या. "ऐकू येतंय ना?" त्यांनी विचारलं. साहेब पुन्हा हं म्हणाले. ताई जरा घुटमळून पुढे गेल्या, मग परत थांबल्या, हॅलो हॅलो म्हणाल्या, आणि जिन्यातल्या दिव्याची हकिकत अर्ध्यावर सोडून दिली. साहेबांना वाटलं, इतक्या स्वच्छ आवाजाची ताईंना सवय नाही, होईल हळूहळू. शिवाय आवाज यायला निमिषभर उशीर लागत होता. पण ज्याला फक्त हं म्हणायचं आहे त्याला निमिषभराने काय फरक पडतो, असा त्यांचा हिशोब होता.

मग ताईंचा आवाज बदलला. मुख्याध्यापिकेचा आवाज गेला आणि फार लहानपणीचा एक आवाज आला. त्या म्हणाल्या, की आता तिसरा मजला चढवत नाही. मध्ये दोनदा जिन्यातच बसून राहावं लागलं.

"तुमच्याकडची मागची खोली तशी रिकामीच असते ना रे? मी यायचं म्हणते, कायमची. तुला चालेल का, बाळ?"

ताईंचे यजमान गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, साहेबांना हा प्रश्न हवा होता. आपण होऊन ये म्हणावं, असं त्यांच्या मनात दर रविवारी येई आणि दर रविवारी त्याचा हं होई.  मोठ्या कष्टाने, छातीच्या तळापासून, त्यांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा हं काढला. त्यात हो होतं, ये होतं, इतके दिवस का लावलेस हेही होतं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ताई 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला गेला.

साहेब उठून थेट मागच्या खोलीत गेले. ही खोली रिकामी असते हे ताईंचं म्हणणं सौजन्याचं होतं. निवृत्तीनंतर साहेबांनी तिथे स्वतःचं स्टोअर मांडलं होतं. जुने नळ, कुलपं नसलेल्या किल्ल्या, चार पंख्यांची सात पाती, आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. बायकोने विचारलं, काय झालं? ताई येते आहे, कायमची, असं साहेबांनी सांगितलं. बायकोला मनापासून आनंद झाला, कारण घरात बोलणारं माणूस येणार होतं. तिने फक्त एवढंच विचारलं, की तुम्ही त्यांना काय म्हणालात? साहेब म्हणाले, "हं म्हणालो." बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण आनंदात ती पुढे काही बोलली नाही.

आठवडाभर साहेब झपाटल्यासारखे कामाला लागले. तीन सह्यांशिवाय वायसर न देणाऱ्या माणसाने सातही पाती एका भंगारवाल्याला एकही सही न घेता देऊन टाकली. खोलीला पांढरा रंग दिला. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, आणि ती नीट बसली की नाही हे बघायला स्वतः लोंबकळून पाहिलं. पहिली दांडी साहेबांसकट खाली आली. दुसरी टिकली. खिडकीजवळ टेबल ठेवलं, त्यावर वर्तमानपत्र आणि लाल पेन्सिल, म्हणजे ताईंना आल्या आल्या चुका शोधायला बसता यावं.

दुसऱ्या रविवारी ताई फक्त सात मिनिटं बोलल्या. हवेबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, की त्यांच्याच गावात एकट्या बायकांसाठी एक निवास आहे, तळमजल्यावरची खोली मिळते आहे, शुक्रवारी सकाळी तिथल्या व्यवस्थापिका कागद घेऊन सहीला येणार आहेत.

"तुझं मन कळलं मला. तुमचीही वयं झाली, अडचण असेल. वाईट वाटून घेऊ नकोस हो."

साहेबांच्या तोंडून एक प्रश्नार्थक हं निघाला. मग एक दुखावलेला. दोन्हींना उत्तर आलं नाही आणि फोन बंद झाला.

आता इतकं झाल्यावर दुसऱ्या कुणीही उलट फोन करून विचारलं असतं. पण साहेबांचा मान दुखावला होता. आपण जीव ओतून होकार दिला आणि हिने परस्पर दुसरीकडे खोली घेतली. रंगवलेल्या खोलीत जाऊन ते ताईंच्या खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उलटं धरून वाचू लागले. बायको चार दिवस समजावत होती, फोन करा, एकदा विचारा. साहेब प्रत्येक वेळी हं म्हणायचे, नाकातून. माझ्या मेल्या मोबाईलवरून त्या उचलत नाहीत आणि या डबड्याला हात लावलेला तुम्हाला चालत नाही, असं म्हणून शेवटी तिने हात टेकले.

गुरुवारी दुपारी दंतवैद्य दारात आले. त्यांना दवाखान्यासाठी असाच फोन घ्यायचा होता. दवाखान्यातून फोन लावून बघतो, तुम्ही उचला, म्हणजे आवाजाचा अंदाज येईल, असं ते म्हणाले. साहेबांनी मरगळलेल्या आवाजात हं म्हटलं. दंतवैद्य समोर गेले. दोन्ही घरांची दारं उघडीच होती. फोन वाजला, साहेबांनी उचलला. आवाज छान येतोय का, दंतवैद्यांनी विचारलं. साहेब हं म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, साहेब पुन्हा हं म्हणाले. असं चारदा झाल्यावर दंतवैद्य फोन हातात तसाच धरून, वायर पोचेल तिथपर्यंत, आपल्या उंबऱ्यात आले.

"परत एकदा हं म्हणा बघू."

साहेबांनी म्हटलं. दंतवैद्यांनी एक कान फोनला लावला, दुसरा साहेबांकडे केला, आणि पेशंटला दाढ काढावी लागेल हे सांगताना करतात तसा चेहरा केला.

"साहेब, तुमचा हं दारातून येतोय. फोनमधून नाही येत."

साहेबांना आधी ते पटेना. दंतवैद्य म्हणाले, की या बाबतीत माझ्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवायला हरकत नाही. तोंड उघडं ठेवलेला पेशंट हंशिवाय दुसरं काय म्हणणार? दुखतंय का, हं. थांबू का, हं. वीस वर्षं मी नुसत्या हंवर दाढा काढतोय, माझ्या कानातून एक हं निसटायचा नाही.  मग साहेबांची नजर फळीवरच्या पेटीकडे गेली, तिच्या हिरव्या दिव्यांकडे, आणि त्यांना तो रविवार आठवला. छातीच्या तळापासून काढलेला हं, आणि त्यानंतरची ती शांतता. 

"म्हणजे तिला काहीच ऐकू गेलं नाही," ते म्हणाले. "ती विचारत होती आणि मी गप्प होतो."

बायको आतून आली ती थेट कंपनीचा तक्रारीचा नंबर लावूनच. ध्वनिमुद्रित बाईंना साहेबांनी या वेळी खणखणीत हो म्हटलं. बऱ्याच वेळाने माणसासारख्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, की सर, तो बिघाड नाही, ती सोय आहे. हं आमच्या यंत्रणेत शब्द म्हणून धरत नाहीत, तो गोंगाटात जमा होतो. सोय बंद करता येईल, पण त्याला अर्ज लागेल आणि तीन दिवस. शुक्रवार उद्यावर आला होता. अर्ज करायला हरकत नाही असं म्हणण्याची सवय साहेबांच्या हाडीमाशी मुरलेली, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फॉर्म नको म्हणून फोन ठेवला.

दंतवैद्य म्हणाले, "मी एक सुचवू का? तुम्ही हं सोडून दुसरं काहीतरी बोलून का बघत नाही?"

 इतका सरळ उपाय पाच आठवड्यांच्या विचारात कुठे आला नव्हता. साहेबांनी वही मागवली आणि मागच्या कोऱ्या पानावर भाषण लिहून काढलं. वर डावीकडे 'विषय : मागची खोली'. खाली तीन मुद्दे. बायकोने ते वाचलं आणि त्यातले 'सदरहू' आणि 'उपरोक्त' हे शब्द खोडले. मग साहेबांनी नंबर लावला.

"हॅलो. मी बोलतोय."

"कोण?" ताईंनी विचारलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. बाळचा आवाज शब्दांसकट त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलेला नव्हता.

"बाळ."

"आज रविवार आहे का?"

"गुरुवार."

"मग कोण गेलं?" ताईंचा आवाज कापला.

कुणी नाही गेलं, असं साहेब म्हणाले, त्याच वेळी ताई नीट सांग म्हणाल्या, मग दोघंही दुसऱ्यासाठी थांबले आणि परत दोघंही एकदम बोलले. निमिषभराचा तो उशीर आता मध्ये येत होता. शेवटी ताई गप्प झाल्या. साहेबांनी कागदाकडे पाहिलं. मुद्दा क्रमांक एक डोळ्यांपुढे होता, पण अक्षरं ओली दिसत होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"ताई, तू विचारलंस तेव्हा मी हं म्हणालो होतो. मोठ्याने म्हणालो होतो. या फोनने तो गिळला." त्यांनी श्वास घेतला. "खोलीला रंग दिलाय. न्हाणीत दांडी बसवलीय. सही करू नकोस. तू इथे ये. मला तू इथे हवी आहेस. अकरा वर्षं मी हेच म्हणतोय, फक्त शब्दांत नाही."

बायको पदराने डोळे पुसत होती. दंतवैद्य हातमोजे घातलेले हात वर धरून छताकडे बघत होते. पलीकडून काहीच येत नव्हतं. साहेब घाबरून हॅलो म्हणणार, तेवढ्यात ताईंच्या जुन्या फोनवरून, त्याच्या सगळ्या खरखरीसकट, एक हं आला.

तो आखूड नव्हता, चढणारा नव्हता, उतरणाराही नव्हता. साहेबांनी तो लगेच ओळखला, कारण तो त्यांचाच होता, दोन रविवारांपूर्वी गिळलेला. मग ताईंनी घसा साफ केला आणि मुख्याध्यापिकेचा आवाज परत आला. म्हणाल्या, "मधला भाग पुन्हा म्हण." साहेबांनी तो पुन्हा म्हटला. दुसऱ्या वेळी जरा सोपा गेला.

महिन्याभरात ताई आल्या. सामान फार नव्हतं, पण टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक जड जिन्नस त्यांनी मांडीवर धरून आणला होता. तो त्यांचा जुना फोन होता. तुझा बिघडलेला आहे म्हणून हा आणला, असं त्यांनी सांगितलं. त्याला जोडायला तार नव्हती, पण तो मागच्या खोलीत टेबलावर, लाल पेन्सिलीशेजारी दिमाखात बसला. वहीत उजवीकडे, तोट्यांच्या कोऱ्या रकान्यात, साहेबांनी पहिली नोंद केली : 'हं जात नाही.' जरा विचार करून तीच नोंद फायद्यांतही केली.

पहिल्या रविवारी दहा वाजता सवयीने साहेब बोळातल्या लाकडी खुर्चीत येऊन बसले आणि ताई खोलीत आपल्या खुर्चीत. दार उघडं होतं. ताईंनी शेजारणीच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. तिला सोडून आल्याचं वाईट वाटत होतं, ते सगळं त्या सविस्तर सांगत होत्या. सांगता सांगता थांबल्या.

"ऐकतोयस ना, बाळ?"

साहेबांच्या तोंडाशी हं आला होता. त्यांनी फळीवरच्या हिरव्या दिव्यांकडे पाहिलं, हं आवरला आणि स्पष्ट, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "ऐकतोय, ताई. सगळं ऐकतोय. बोल तू."

आतून लाल पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"एवढं लांबलचक बोलायला काय झालंय तुला?" ताई म्हणाल्या. "नुसतं हं म्हटलंस तरी कळतं मला."